वर्ध्यात सायकल फेरी काढायची आहे; दुसऱ्या दिवसापासून रोजच्या कामाला सायकल निघावी यासाठी काय करावं?

धामकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. येत्या जानेवारीत एका रविवारी वर्धा शहरात सायकल फेरी काढायचं आमच्या मंडळाने ठरवलं आहे. साधारण २०० जण येतील. शाळकरी मुलं, कॉलेजची पोरं-पोरी, चाळिशी-पन्नाशीतली माणसं, काही ज्येष्ठही. वर्गणीचे ४० हजार रुपये जमलेत.

सध्याचा बेत असा: सकाळी ७ ला बजाज चौकातून निघायचं, सगळ्यांनी एकत्र सेवाग्राम आश्रमापर्यंत जायचं, तिथे थोडा वेळ थांबून नाश्ता आणि परत. जाऊन-येऊन १६ किमीच्या आसपास. सगळ्यांना टी-शर्ट, नगाला १३० रुपये भाव मिळालाय.

पण खरी तळमळ वेगळी आहे. गाव बऱ्यापैकी सपाट. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १,०६,४४४. बहुतेकांची रोजची कामं ४-५ किमीच्या आत उरकतात. तरी दूध, शिकवणी, स्टेशन, भाजी, सगळ्याला मोटारसायकल नाहीतर स्कूटी निघते आणि घरातली सायकल जिन्याखाली धूळ खात पडते. फेरीच्या दिवशी फोटो छान येतील, पण मंगळवारी सकाळी रस्त्यावर चार सायकली जास्त दिसल्या पाहिजेत, ही इच्छा आहे.

तर विचारायचं आहे ते असं. परवानग्या कुणाकडे, किती आधी? इतक्या लोकांना किती स्वयंसेवक लागतील? फेरीनंतर काय केलं तर सायकल टिकते? आणि मार्चनंतर आमच्याकडे ऊन पेटतं, तेव्हा काय?

डावीकडून_चला

बेत चांगला आहे, पण पहिल्याच फेरीला १६ किमी नको. वर्षभर सायकलला हात न लावलेल्या माणसाची बैठक आठव्या किलोमीटरला दुखायला लागते आणि तिथून पुढे ‘हे आपलं काम नाही’ हे त्याच्या मनात पक्कं होतं. नेमका हाच माणूस तुम्हाला हवा आहे. शहरातल्या शहरात ५ ते ६ किमीची फेरी ठेवा आणि ती शाळा, बाजार, दवाखाना, स्टेशन यांच्या जवळून न्या. आपलं नेहमीचं ठिकाण सायकलने १५ मिनिटांवर आहे हे त्याच्या पायांना कळलं पाहिजे. सेवाग्राम दुसऱ्या महिन्यात करा, ज्यांना झेपेल त्यांच्यापुरतं.

मार्ग आखताना सगळी वळणं डावीकडे येतील असं बघा. आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे डावं वळण घेताना समोरची रांग कापावी लागत नाही. म्हणजे फेरी देवळातल्या प्रदक्षिणेच्या उलट दिशेने जाते. हौसेने कुणी ‘आपण प्रदक्षिणेसारखं जाऊ’ म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. तसं केलं तर प्रत्येक चौकात उजवं वळण येईल आणि प्रत्येक चौक अडवावा लागेल.

आता २०० जण ‘एकत्र’ काढण्याबद्दल. दोन-दोनच्या रांगेने १०० ओळी होतात. मधलं अंतर धरून एका ओळीला ५ मीटर जागा लागते, म्हणजे रांग ५०० मीटर लांब. मुलं असतील तर वेग ताशी १० किमीच धरा. त्या वेगाने पूर्ण रांग एका चौकातून जायला ३ मिनिटं लागतात. तीन मिनिटं थांबवलेला गाडीवाला हॉर्न वाजवतो, मग मधल्या फटीतून घुसतो, आणि अपघात होतो तो इथेच. याला उपाय म्हणजे ४०-४० च्या पाच तुकड्या. एक तुकडी १०० मीटरची असते, ३६-४० सेकंदांत चौक ओलांडते. दोन तुकड्यांत ३ मिनिटांचं अंतर ठेवा. प्रत्येक तुकडीला वेगळ्या रंगाची फीत दंडाला बांधायला द्या, म्हणजे कोण कुठे मिसळलं ते कळतं.

स्वयंसेवक असे मोजा: प्रत्येक तुकडीला पुढे एक, शेवटी एक, मध्ये दोन. पाच तुकड्यांचे २०. चार मोठे चौक धरले तर तिथे दोघे-दोघे, म्हणजे ८. निघायच्या जागी नोंदणीला ४, दुरुस्तीला २. एकूण ३४. पुढच्याला कुणी मागे टाकायचं नाही आणि शेवटच्याच्या मागे कुणी राहायचं नाही, एवढे दोन नियम सुरुवातीला मोठ्याने सांगितले की पुरतं. पुढचा स्वार वेगवान नको. ताशी १० किमीने चालवायला धीर लागतो, तो ज्याच्याकडे आहे त्याला द्या.

परवानगी. एकच अर्ज लिहून तीन ठिकाणी पोच घ्या: पोलीस अधीक्षक कार्यालयाची वाहतूक शाखा, हद्दीतलं पोलीस ठाणं, नगर परिषदेचे मुख्याधिकारी. रस्ता राज्य किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असेल तर तो ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्यालाही प्रत द्या. अर्जाला मार्गाचा हाताने काढलेला नकाशा, तुकड्यांच्या वेळा, स्वयंसेवकांची यादी आणि जबाबदार दोन माणसांचे फोन जोडा. किमान तीन आठवडे आधी. नुसत्या फेरीसाठी रस्ता बंद करायची गरज नसते. पुढे कधी रविवारी सकाळी एखादा रस्ता गाड्यांना बंद करून हवा असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ११५ वापरलं जातं. बंदी एका महिन्यापर्यंतची असेल तर राजपत्रात छापावं लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. अर्जात हे कलम लिहिलं तर समोरच्या अधिकाऱ्याचं काम सोपं होतं.

ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ चालत नाही, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असू शकतं. जमण्याची जागा ठरवतानाच हे पाहून घ्या.

आठवडाभर आधी, त्याच वारी, त्याच वेळी, दोघांनी पूर्ण मार्ग सायकलने फिरावा. खड्डे तर बघालच, पण गटाराच्या जाळ्या नीट बघा. जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेला समांतर असतील तर अरुंद टायरचं पुढचं चाक सरळ आत जातं आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. अशा जागांभोवती आदल्या संध्याकाळी चुन्याने गोल काढा आणि ती यादी नगर परिषदेला लेखी द्या. फेरी संपल्यावरही ही यादी उपयोगी पडते.

पाणी माणशी अर्धा लिटर. २०० जणांना १०० लिटर, म्हणजे २० लिटरचे ५ जार आणि वर एक. पेले स्टीलचे. केळी आणि चिक्की पुरे. तेलकट नाश्ता सायकलवर बसायच्या आधी नको.

छर्रे_कोन_ॲक्सल

दादा, टी-शर्ट रद्द करा. २०० गुणिले १३० म्हणजे २६ हजार. एवढ्यात तुमच्या गावातल्या शंभरेक सायकली पुन्हा चालत्या होतील. जिन्याखालची सायकल आळसापोटी पडलेली नसते. तिच्यात एक छोटा बिघाड असतो, तो काढायला दुकान लांब असतं, आणि सायकल तिथवर ढकलत न्यायला वेळ नसतो. तेवढीच गाठ सोडवायची आहे.

फेरीच्या दोन रविवार आधी, वस्तीतच दुरुस्ती शिबिर लावा. गावातले दोन-तीन सायकल मिस्त्री मजुरी देऊन बोलवा. फुकट राबवू नका. उद्या लोक त्यांच्याकडेच जाणार आहेत, आणि त्यांचा धंदा टिकला तरच तुमच्या सायकली टिकतील. एक मिस्त्री आणि हाताखाली दोन पोरं असतील तर एका सायकलला २० मिनिटं धरा. तीन जोड्या, सकाळी ७ ते १२, म्हणजे ४५ सायकली. दोन रविवारी ९०. नावं आधी घ्या आणि वेळ वाटून द्या, नाहीतर ८ वाजता साठ सायकलींची रांग लागते आणि अर्धे लोक परत जातात.

नावं घेतानाच विचारा: काय बिघडलंय, आणि चाक कोणतं. काळ्या जुन्या सायकलचं २८ बाय दीड, लेडीज सायकलचं बहुतेक २६ बाय एक तीन अष्टमांश, पोरांच्या जाड टायरवाल्या सायकलचं २६, २४ किंवा २० इंची. टायरच्या कडेला मापाचे आकडे छापलेले असतात, तेच वाचून घ्या. २६ म्हटलं की सगळे टायर सारखे असं नाही. २६ बाय एक तीन अष्टमांशचं टायर २६ बाय १.९५ च्या रिमवर बसत नाही. इथे हमखास चुकीचा माल आणला जातो.

९० सायकलींसाठी हाताशी ठेवायचा माल: वाल ट्यूब (हवा भरायच्या वालातली बारीक रबरी नळी) १०० तुकडे, सोल्यूशनच्या (ठिगळ चिकटवायच्या द्रावणाच्या) मोठ्या ट्यूबा ६, पॉलिश पेपर, ठिगळांसाठी जुनी ट्यूब, नव्या ट्यूबा मापाप्रमाणे मिळून २०, ब्रेकच्या रबराचे ४० जोड, ब्रेक केबल २०, रिमच्या पट्ट्या २०, कॉटर पिन (पायडलचा दांडा आसाला घट्ट धरणारी खीळ) १०, पाव आणि तीन षोडशांश इंचाचे छर्रे, ग्रीस अर्धा किलो, मशीन ऑईल १ लिटर, रॉकेल मिळालं तर उत्तम. टायर आधी भरून ठेवू नका, माप बघून त्याच दिवशी दुकानातून आणा.

आता नेमकं काय बिघडतं ते. हवा जाते म्हणजे पंक्चरच, असं लोक धरतात. जुन्या पद्धतीच्या वालात, ज्याच्या आत रबराची बारीक नळी असते, ती नळी आपल्याकडच्या उन्हाने वाळते आणि हवा तिथून जाते. वालावर थुंकी किंवा पाण्याचा थेंब लावा, बुडबुडा आला तर ट्यूब उघडायची गरजच नाही. वालाचा खिळा काढा, जुनं रबर खरवडून टाका, नवी नळी ओली करून खिळ्यावरचं बारीक भोक पूर्ण झाकेल इतकी वर चढवा, नट घट्ट करा. दोन मिनिटांचं काम. हे एवढंच १० जणांना शिकवा. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या कित्येक सायकली यावरच चालू होतात.

खरं पंक्चर असेल तर भोक कुठे आहे ते बघा. बाहेरच्या बाजूला असेल तर काटा: सराटे नाहीतर बाभूळ. ट्यूबला ठिगळ लावायच्या आधी टायरच्या आतून जुनं फडकं फिरवा, अडकलं की काटा सापडला. तो तसाच राहिला तर चौकापर्यंत जाईस्तोवर दुसरं पंक्चर. रिमच्या बाजूला भोक असेल तर रिमची पट्टी फाटली आहे आणि आऱ्यांची टोकं ट्यूबला टोचतायत. पट्टी बदलल्याशिवाय ठिगळ व्यर्थ. दोन भोकं शेजारी शेजारी असतील तर हवा कमी असताना सायकल खड्ड्यातून गेली आहे. तिथे हवेची सवय सांगा: काळ्या सायकलला ४५-५० पौंड, जाड टायरला ४०-४५, आणि टायरवर छापलेल्या आकड्याच्या वर कधीच नाही.

ठिगळ सुटतं ते घाईने. पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशनचा पातळ थर लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा, चार-पाच मिनिटं जातात, मग ठिगळ दाबा. ओल्यावर दाबलेलं ठिगळ उन्हात सरकतं.

ब्रेकचं रबर रिमवर बसलं पाहिजे. टायरला घासत असेल तर कड कापते आणि एक दिवस टायर फुटतं. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. पुढचं चाक फिरलं तर ती सायकल फेरीत घेऊ नका. तसाच ब्रेक दाबून हँडल पुढे-मागे हलवा, टकटक आवाज आला तर हँडलची रेस, म्हणजे त्याचे छर्रे फिरतात ती वाटी, ढिली आहे. चेन मध्यभागी वर-खाली अर्धा इंच हलली पाहिजे. जास्त ढिली असेल तर उतरते, जास्त ताठ असेल तर फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) आणि छर्रे खाते. चेन झिजली का ते फूटपट्टीने कळतं: एका पिनेपासून पुढच्या २४ व्या पिनेपर्यंतचं अंतर नवीन चेनमध्ये बरोबर १२ इंच असतं, १२ आणि एक अष्टमांश झालं की बदला. तेव्हा बहुतेक फ्रीव्हीलही गेलेलं असतं.

आणि चेनला खोबरेल नको, ते चिकट होऊन वाळतं. गाडीचं जळकं ऑईलही नको. त्यात धूळ बसून वाळूच्या कागदासारखं घासतं आणि पायजमा, सलवार, साडी काळी होते. कपडे खराब होतात म्हणून सायकल सोडलेल्या बायका पुष्कळ. मशीन ऑईलचा एकेक थेंब प्रत्येक कडीत, पायडल उलटं फिरवा, आणि बाहेरचं कोरडं पुसून घ्या. चेनकव्हर काढून फेकलेलं असेल तर बसवून द्या.

शेवटचं महत्त्वाचं: सीट. पायडल खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. बहुतेकांची सीट दोन-तीन इंच खाली असते, गुडघा दुखतो, आणि दोष वयाला दिला जातो.

धामकाठ

टी-शर्टचं मंडळात मांडतो, पटण्यासारखं आहे. नोंदणीच्या कागदावर ‘सायकल आहे का, चालू आहे का, काय बिघडलंय, चाकाचं माप’ हे आजच घातलं.

शाळेच्या मुलांबद्दल कुणी सांगेल का? पालक म्हणतात रस्ता सुरक्षित नाही, मग स्वतःच मुलाला गाडीवर सोडायला येतात, आणि शाळेच्या दारात त्या गाड्यांचीच गर्दी होते.

फळ्यावरची_रेघ

धामकाठ, पालकांची भीती खरी आहे, तिला समजावून उत्तर मिळत नाही. सोबत दिली तर मिळतं. मुलांची रांग करून मोठ्यांनी शाळेपर्यंत न्यायची, याला सायकल बस म्हणतात. बार्सिलोना शहरात २०२१ पासून पालक दर शुक्रवारी अशी काढू लागले आणि ती जगभर माहीत झाली. आपल्याकडे ती बसवायला शनिवार उत्तम, कारण शनिवारी सकाळची शाळा असते, रस्ते मोकळे असतात आणि दप्तर हलकं असतं.

एका शाळेपासून सुरुवात करा, पाचवीच्या पुढची मुलं, ३ किमीच्या आतला मार्ग, चार थांबे. थांबा म्हणजे सर्वांना ठाऊक असलेली जागा: देऊळ, पाण्याची टाकी, किराणा दुकान. वेळ ‘६.४० ला’ असा मिनिटासह लिहा आणि दोन मिनिटांपेक्षा जास्त कुणासाठी थांबू नका. थांबलात की पुढच्या थांब्यावरचा पालक दुसऱ्या शनिवारी मुलाला गाडीवर बसवतो. पुढे एक मोठं माणूस, मागे एक, आणि दर सहा मुलांमागे एक, रांगेच्या उजव्या अंगाला, म्हणजे मूल आणि गाड्या यांच्या मध्ये. मुलं एकामागे एक, दोन सायकलींइतकं अंतर सोडून.

दप्तर हँडलला लटकवू देऊ नका, वळताना चाकाशी अडतं आणि तोल जातो. कॅरियरला रबरी दोरीने बांधायचं. ओढणी मागे गाठ मारून आत. खूप लहान मुलाला मोठी सायकल ‘वाढत्या अंगाची’ म्हणून दिलेली असते. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे टेकत नसतील तर ते मूल अजून रांगेत नको, आधी मैदानावर.

आधीचा एक तास मैदानावर जाऊ द्या. चार गोष्टी यायला हव्यात: एका हाताने हँडल धरून दुसरा हात दाखवणं, खांद्यावरून मागे बघताना सरळ रेषेत राहणं, दोन्ही ब्रेक एकत्र दाबणं, आणि उभ्या गाडीपासून दार उघडेल एवढं, म्हणजे एक मीटर, लांब चालवणं. चुन्याची २० मीटरची रेघ मारा. तिच्यावरून मागे वळून बघत जाता आलं की मूल तयार.

मुलींकडे जास्त लक्ष द्या असं मनापासून सांगते. मानव विकास कार्यक्रमातून राज्यात आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. तुमच्या भागातल्या मुलींना मिळाल्या असतील तर त्या आज चालू आहेत का, हे शाळेत जाऊन बघा. वाल ट्यूब आणि ब्रेकचं रबर नाही म्हणून घरी उभी राहिलेली सायकल म्हणजे त्या मुलीचा रोजचा पायी तास. शिबिराची पहिली वेळ त्यांना द्या. आणि वाल ट्यूब बदलणं, ठिगळ लावणं त्या मुलींनाच शिकवा, भावांना नको.

अर्धी_पायरी

दुरुस्ती झाली, सोबत झाली. पुढचा अडसर म्हणजे सायकल लावायची कुठे. सायकलने स्टेशनवर किंवा बाजारात आलेला माणूस जागा नाही म्हणून ती मोटारसायकलींच्या रांगेत घुसवतो, कुणीतरी ती बाजूला फेकतं, मडगार्ड वाकतं, आणि तो पुन्हा सायकल आणत नाही.

ज्यात फक्त पुढचं चाक अडकवतात ते लोखंडी खाचांचे स्टँड घेऊ नका. धक्का लागला की रिम वाकते आणि कुलूप फक्त चाकाला लागतं. उलट्या यू आकाराचा साधा पाइप हवा. ५० मिमीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, जमिनीवर ७५ सेमी उंच, ७५ सेमी रुंद, ३० सेमी जमिनीत काँक्रीटमध्ये. एकाला साधारण पावणेतीन मीटर पाइप लागतो, म्हणजे ६ मीटरच्या एका नळीत दोन होतात. दोन यूंमध्ये १ मीटर अंतर सोडा. एका यूला दोन्ही बाजूंनी दोन सायकली, आणि साखळी थेट फ्रेमला. आपल्या काळ्या सायकलला मागच्या चाकाचं कुलूप असतं, पण कुलूपबंद सायकल उचलून टेम्पोत टाकता येते. साखळी पाइपला बांधली की ते होत नाही.

जागा: दाराच्या जितक्या जवळ तितकी चांगली, आणि सावलीत. कडुनिंब असेल तर त्याखाली. दिवसभर उन्हात उभी राहिली की टायरला भेगा पडतात आणि संध्याकाळी सीटवर बसवत नाही. मोटारसायकली तिथे लागू नयेत म्हणून तोंडाशी अडसर लावाल तर एक लक्षात ठेवा: सायकल जाईल इतक्या फटीतून मोटारसायकलही जाते. खांबांनी मोटार अडते, दुचाकी नाही. तिच्यासाठी शेजारीच वेगळी जागा आखून द्यावी लागते.

मोजणीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ‘सायकली वाढल्या’ हे सांगायचं तर आधी किती होत्या ते हवं. बाजाराचा आणि सुट्टीचा वार सोडून एक साधा मंगळवार किंवा बुधवार घ्या. तीन जागा: आर्वी नाका, बजाज चौक, एका शाळेजवळचा रस्ता. सकाळी ७ ते १०, संध्याकाळी ५ ते ७, दर १५ मिनिटांची वेगळी नोंद. रकाने चार: बाई, पुरुष, मूल, आणि माल लादलेली सायकल. फेरीआधी एकदा, दीड महिन्याने एकदा, मग पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात.

हे करताना एक गोष्ट डोळ्यांत भरेल. दूधवाले, पेपरवाले, पहारेकरी, बांधकामावरचे मजूर, भाजीवाल्या हे सगळे आजही सायकलवरच आहेत, आणि फेरीच्या नोंदणीत त्यांतलं एकही नाव नसतं. रस्ता कुठे वाईट आहे, कोणत्या चौकात अंधार आहे, हे त्यांना सर्वांत जास्त माहीत. त्यांच्या मागच्या मडगार्डवर दोन इंची लाल परावर्तक पट्टी आणि पायडलवर पिवळी पट्टी लावून देणं हे तुमच्या ४० हजारांतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गरजेचं काम आहे. पायडलची पट्टी वर-खाली हलते, त्यामुळे मागच्या गाडीवाल्याला लांबूनच सायकल आहे हे कळतं.

रस्त्यावर पक्का बदल मागण्याआधी रंग आणि शंकू वापरून महिनाभर करून दाखवा. २०२० मध्ये केंद्र सरकारने शहरांसाठी ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ नावाचं आव्हान ठेवलं होतं. निवडलेल्या ११ शहरांत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती. त्यातला भर असाच तात्पुरत्या, स्वस्त प्रयोगांवर होता. तात्पुरतं असेल तर दुकानदार ऐकून घेतात, आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी शंकू दोन हात सरकवता येतात.

डावीकडून_चला

वर एक राहिलं: वारंवारता. बोगोटा शहरात १९७४ पासून दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ मुख्य रस्ते गाड्यांना बंद असतात, आज हे जाळं १२० किमीच्या वर आहे. आपल्याकडे गुरुग्रामला नोव्हेंबर २०१३ मध्ये राहगीरी, म्हणजे सकाळी रस्ता गाड्यांना बंद करून लोकांना मोकळा देणं, सुरू झाली तीही आठवड्याच्या ठरल्या वारीच. वार आणि वेळ ठरलेली असली की निमंत्रण द्यावं लागत नाही. तुम्ही दर महिन्याचा शेवटचा रविवार ठरवा, १५ जण आले तरी निघा.

तारखांचं: जागतिक सायकल दिन ३ जूनला असतो, संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ठरवलेला. विदर्भात त्या दिवशी मोठी फेरी नको. ऊन ओसरलेलं नसतं आणि तुमच्याकडच्या शाळाही जूनअखेरीस उघडतात. त्या दिवशी पावसाळ्यापूर्वीचं दुरुस्ती शिबिर ठेवा. २ ऑक्टोबर सेवाग्रामला सुचेल, पण त्या दिवशी आश्रमात गर्दी असते.

छर्रे_कोन_ॲक्सल

उन्हाचा प्रश्न राहिला होता. मार्च ते जूनमध्ये दुपारी ११ ते ५ सायकल चालवा असं कुणाला सांगू नका. ते धोक्याचं आहे आणि एकदा चक्कर आली की माणूस कायमचा तुटतो. पण मे महिन्यात वर्ध्याला साडेपाच-पावणेसहाला उजेड असतो. दूध, भाजी, सकाळची शाळा, पहाटेची गाडी ही कामं ८ च्या आत होतात. उन्हाळ्यात सायकल सकाळची आणि संध्याकाळी ६ नंतरची. तोंडाला दुपट्टा, तो ओला करून; बाटली कॅरियरला नको, फ्रेमला, हात पोचेल अशी.

हवा सकाळी भरा आणि छापलेल्या आकड्याच्या पाच पौंड खालीच ठेवा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या वाल ट्यूब बदलून घ्या, चालू असल्या तरी. शिबिराला आणलेल्या १०० मधल्या उरतील त्या प्लास्टिकच्या डबीत, अंधारात ठेवा. खिडकीत ठेवलेल्या मार्चपर्यंत कडक होतात.